रुमालाखालचा हात

त्या पापुद्र्यातून उदेसिंग गिरासेला काय काय मिळणार होतं ते आधी मोजून घेऊ. म्हणजे पुढे त्याच्यासाठी हळहळायची वेळ आली तर आपल्याला बेताने हळहळता येईल.

पहिलं म्हणजे मान. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात सौदा फिसकटला की दोन्ही बाजू ज्याच्या राहुटीत जातात तो बाजाराचा पंच. त्याच्या खाटेवर लाल सतरंजी असते आणि तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही. कित्येक जत्रा ती सतरंजी गुलाबभाई मन्सुरीच्या बुडाखाली होती. तो आता थकला होता, आणि त्याच्यानंतर कोण, यावर चहाच्या टपऱ्यांवर उघड बोललं जात होतं. बाजारातला सगळ्यात जाणता हात कुणाचा हे ठरलं की पंच ठरला.

दुसरी गोष्ट सूड म्हणावा इतकी मोठी नव्हती, पण नुसती खाज म्हणून सोडून द्यावी इतकी लहानही नव्हती. उभ्या आयुष्यात उदेसिंगला गुलाबभाईचा हात कधी वाचता आला नव्हता. उलट गुलाबभाई त्याचा हात वर्तमानपत्रासारखा वाचायचा, आणि वाचून झाल्यावर हसायचा.

तिसरी गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्याची बायको हिरकोर हिने लग्नापासून एकदाही त्याला "जमलं बरं तुम्हाला" असं म्हटलं नव्हतं.

जाण्याच्या बाजूला त्याने काहीच मांडलं नव्हतं. दलाल माणूस, दुसऱ्याचं जाणारं मोजायची सवय.

आता हात वाचणं म्हणजे काय? तापीकाठच्या त्या जत्रेत तोपर्यंत बरंच काही बदललं होतं. घोडीच्या सात पिढ्यांचा जनुक-दाखला मोबाईलवर दिसायचा, चाल मोजायला डोक्यावरून ड्रोन फिरायचे, पैसे बोलून पाठवता यायचे. भाव मात्र रुमालाखालीच ठरायचा. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली जातात, आणि बोटं धरून, पेरं दाबून आकडे सांगितले जातात. तोंडाने नुसत्या गप्पा; पाऊसपाणी, पोरांची लग्नं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. सगळीकडे कॅमेरे झाल्यावर तर लोकांना रुमालाचं प्रेम जास्तच आलं होतं. जिथे कुणाचा डोळा पोचत नाही अशी हातभर जागा तेवढीच उरली होती.

चांगल्या दलालाला आकड्यापलीकडचंही कळतं. बोट दाबताना समोरचा दचकला का, तळहात ओला झाला का, पकड सैल पडली का. उदेसिंगला यातलं अर्धंमुर्धं कळायचं. उरलेलं अर्धं त्याच्या मुलीने घरी आणलं.

यामिनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होती. जत्रेच्या आरोग्यतंबूत तिला एक कोपरा मिळाला होता, म्हणून ती आठवडाभर आधी घरी आली आणि जेवणं झाल्यावर तिने ताटाशेजारी एक डबी उघडली. आत कांद्याच्या आतल्या सालीसारखे पारदर्शक पापुद्रे होते.

"हे बोटाच्या टोकाला चिकटवायचं," ती म्हणाली. "घामातली संप्रेरकं मोजतं. हार्मोन हो, बापू. रक्त काढायला नको."

"घामात काय ठेवलंय?" उदेसिंग म्हणाला.

"यांच्या घामात फक्त बाजार असतो," हिरकोर आतून म्हणाली.

यामिनी हसली. मग वडिलांना कळेल असं सांगायला लागली. "आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपी चढवल्यासारखी एकेक ग्रंथी असते. वजनाला सुपारीइतकी. अधिवृक्क म्हणतात. तिच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनलिन सुटतं ते लगेच, साप दिसला की टांगा उधळतो तसं. आणि तिच्या सालीतून कॉर्टिसॉल. ते सावकाश चढतं, दहा-वीस मिनिटांनी, आणि बराच वेळ टिकतं. संकटात साखर काढून देणं, रक्तदाब धरून ठेवणं, ही कामं त्याची."

"आणि हुकूम कुणाचा?"

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी आहे, तिचा. तिलाही वरून मेंदूचा इशारा येतो. ती रक्तातून निरोप पाठवते, अधिवृक्क माल सोडते. माल पुरेसा झाला की तोच माल पियुषिकेला कळवतो, आता बस. म्हणजे घोडाच स्वतःचा लगाम ओढतो."

उदेसिंगला हे आवडलं. "असा घोडा मला एक दाखव."

"पण त्या लगामाला फसवता येतं. काही प्लॅस्टिकमधली, काही फवारणीतली रसायनं संप्रेरकांचं सोंग घेऊन आत शिरतात आणि भलतेच निरोप देतात. आणि सगळ्यात जास्त फसवणूक होते ती औषधाने. कुणी महिनोन्महिने स्टेरॉइड खात राहिलं, कळत किंवा नकळत, तर पियुषिकेला वाटतं आत माल भरपूर आहे. ती हुकूम देणं थांबवते. हुकूम नाही म्हणून ग्रंथी बसल्या बसल्या सुकते. मग एक दिवस ते औषध बंद होतं, आणि आत देणारं कुणी उरलेलं नसतं. अशा माणसाला साधा ताप, थंडी, एखादा धक्कासुद्धा जड जातो. उभ्या उभ्या कोसळतो. बाहेरून काही कळत नाही, उलट शांत दिसतो. हा पापुद्रा मी त्यासाठी केलाय."

तिने मनगटाला बांधायची पट्टी दाखवली. संप्रेरकं चढली की तीन बारीक टिचक्या. धोक्याइतकी खाली गेली की एक लांब घरघर. "आठवडाभर तुमच्याच बोटांवर लावा, बापू. धूळ, थंडी, घोड्याचा घाम यात टिकतो का बघायचंय. पट्टी तुमच्या नावावर टाकलीय. निळी कड आतल्या बाजूला हवी. म्हणजे तुमची त्वचा वाचली जाते."

"आणि निळी कड बाहेर आली तर?"

"तर जे हाताला लागेल ते वाचेल," यामिनी सहज म्हणाली आणि डबी मिटून झोपायला गेली. शहाण्या पोरीही आपल्या बापाला किती कमी ओळखतात!

तिने सांगितलेल्यातलं अर्धं उदेसिंगने जपून ठेवलं. चढण्याचं अर्धं. उतरण्याचं अर्धं त्याच्या कामाचं नव्हतं.

सकाळी त्याने पापुद्रा उलटा चिकटवला, निळी कड बाहेर, आणि चहाचा कप घेताना हिरकोरचा हात जरा जास्त वेळ धरला.

"काय झालं?" ती म्हणाली. "चक्कर येतेय का?"

"काही नाही. विचार करतोय, यंदा जत्रेनंतर दलाली सोडून द्यावी. घरीच बसेन तुझ्यासोबत."

तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "बसा की," ती म्हणाली. "घर तुमचंच आहे."

उदेसिंगच्या मनगटावर तीन टिचक्या पडल्या. थोड्या वेळाने पुन्हा तीन. इतक्या वर्षांच्या संसारात बायको आपल्याला घाबरते असं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि घाबरत नव्हतीच ती. तो दिवसभर घरात बसणार या कल्पनेनेच ती धास्तावली होती. दुसरा एखादा नवरा इथे थांबला असता. उदेसिंगच्या मनात मात्र पहिला विचार आला तो असा, की यंत्र चालतंय.

जत्रेत त्याने जे केलं ते पाहण्यासारखं होतं, कुणाला पाहता आलं असतं तर. पहिल्याच सकाळी एक अडचण आली. थंडीत काही लोकांच्या बोटांना घामच नसायचा, आणि पट्टी लांब घरघर करायची. चार सौद्यांत चारदा उगाच घरघर. त्याने ती बंद करून टाकली. चढण्याच्या टिचक्या तेवढ्या ठेवल्या.

मग त्याने पद्धत बसवली. कॉर्टिसॉल सावकाश चढतं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. त्यामुळे तो आधी चहा मागवायचा. चहा येईपर्यंत सहज म्हणायचा, "परवा मारवाडची मोठी गिऱ्हाइकं येणार होती, म्हणे येत नाहीत." किंवा, "उद्या पाऊस सांगितलाय." मग चहा सावकाश प्यायचा. विकणाऱ्याच्या सुपारीएवढ्या ग्रंथीला कामाला लागायला पुरेसा वेळ देऊन झाला की रुमाल पसरायचा. टिचक्या आल्या की त्याला कळायचं, या माणसाला आज विकायलाच हवं. नाही आल्या की कळायचं, याच्या खिशात दुसरा घेणारा आहे. दुपारपर्यंत बाजारात कुजबुज सुरू झाली, की गिरासेच्या हाताला यंदा डोळे फुटलेत.

घरी दुसरंच चाललं होतं. यामिनी वाकून नमस्कार करायची तर तो तिचा हात उचलून धरायचा. तिच्याही बोटांतून टिचक्या येतात का बघायला. आल्या. कशासाठी आल्या, हे यंत्र सांगत नव्हतं. तिचं पुण्यात कुणाशी जमलं असेल, की नोकरी जाणार असेल, की बापाने हात धरला म्हणूनच आल्या असतील? त्याने विचारलं नाही. विचारायची सवय हळूहळू सुटतच चालली होती. हिरकोरने दोनच दिवसांत काहीतरी ओळखलं. तिने चहा हातात देणं बंद केलं. कप खाली ठेवायची आणि म्हणायची, "घ्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गुलाबभाईच्या राहुटीत गेला.

गुलाबभाई खाटेवर बसला होता, लाल सतरंजीवर. गेल्या जत्रेत त्याचं तोंड फुगलेल्या भाकरीसारखं गोल झालं होतं आणि लोक म्हणायचे म्हातारा बाळसं धरतोय. यंदा ते ओसरलं होतं. बाहेर खुंट्याला त्याची शेवंती उभी होती. दुधासारखी पांढरी, गळ्यावर देवमणी, केसांचा शुभ भोवरा. अख्ख्या जत्रेत तिच्या तोडीचं जनावर नव्हतं.

"ये उदेभाऊ," गुलाबभाई म्हणाला. "ऐकतोय मी तुझ्याबद्दल. हाताला डोळे फुटलेत म्हणे. आता चष्मा लावशील का हाताला?"

"तुझ्यापुढे आंधळाच आहे मी, गुलाबभाई. शेवंती विकायला काढतोयस, खरं का?"

"काढतोय. आता होत नाही रे. सकाळी उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. जेवण बघून मळमळतं. आणि गुडघे तर रात्रंदिवस बोंबलतात. तो पुडीवाला बाबा यंदा आलाच नाही ना. त्याच्या जोडदुखीच्या पुडीवर तर मी इतकी वर्षं घोड्यावर बसलो. दसऱ्यापासून पुडी संपलीय."

"दुसरी घे कुठली."

"तशी पुडी नाही मिळत. खाल्ली की तासाभरात माणूस पंचवीस वर्षांचा."

हे सगळं उदेसिंगने ऐकलं. नीट ऐकलं, कारण म्हाताऱ्याची तक्रार म्हणजे विकण्याची घाई, असं त्याने मनात लिहून घेतलं. दुसरं काही त्याने लिहून घेतलं नाही.

रुमाल पसरला. बाजारातली माणसं जमली, कारण हा सौदा नुसत्या घोडीचा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हाने राहुटी तापली होती. गुलाबभाईचा तळहात ओलसर होता. उदेसिंगने बोटं धरली, पहिला आकडा दाबला. मुद्दाम अपमान वाटावा इतका कमी.

मनगटावर काही नाही.

गुलाबभाईने आपला आकडा दाबला. उदेसिंगने थोडं चढवलं, आणि तोंडाने म्हणाला, "ऐकलंस का, त्या वरच्या रांगेत एका घोडीला खुरांचा रोग निघालाय. सरकारी डॉक्टर येतोय म्हणे, सगळी जनावरं अडकवून ठेवणार." साफ खोटं. पण त्या खोट्याने सकाळी दोघांच्या हातांतून टिचक्या काढल्या होत्या.

गुलाबभाई म्हणाला, "हं." मनगटावर काही नाही.

उदेसिंगला घाम फुटला. म्हाताऱ्याच्या आत दगड आहे दगड! इतकी वर्षं आपल्याला वाटायचं हा चेहरा लपवतो. याच्याकडे लपवायला काही नव्हतंच. त्याला विकायची घाई नाही. पंचाची सतरंजी सोडायची घाई नाही. तो आपल्याला खेळवतोय.

मग उदेसिंगने ठरवलं, हात फुटेपर्यंत सोडायचा नाही. भाव तिथेच घोळवत ठेवला. चहा आला, निवला, दुसरा आला. गुलाबभाई मध्ये एकदा म्हणाला, "उदेभाऊ, उद्या बसू का? अंगात जीव नाही." तेव्हा उदेसिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पंच उठला तर सौदा मोडल्यासारखं होईल." लोक हसले. गुलाबभाईही हसला आणि बसून राहिला. ऊन उतरलं, नदीवरून गार वारा सुटला, तरी हात रुमालाखालीच होते. तासाभरानेही ती पट्टी मुकीच.

मग गुलाबभाईची बोटं उदेसिंगच्या हातात सैल झाली. उदेसिंगला वाटलं, आला वाटेवर. त्याने वर पाहिलं तर म्हाताऱ्याचे ओठ पांढरे पडले होते. तो कडेला वाकला, ओकला, आणि खाटेवरून रुमालासकट खाली आला.

आरोग्यतंबूत त्याला चौघांनी उचलून नेलं. डॉक्टर जयश्री वळवींनी छातीला तारा लावल्या, हृदयाचा आलेख काढला. तंबूचे पडदे वर बांधलेले होते आणि बाहेर निम्मा बाजार उभा होता.

"हृदयाचा झटका दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तदाब पार खाली आहे. साखरही कमी. सलाईन जोरात चाललंय तरी दाब वर येत नाही. काय खाल्लं होतं यांनी?"

"भजी," कुणीतरी म्हणालं. "त्या पुलाजवळच्या गाडीवरची."

"म्हाताऱ्याला तीन दिवसांत घास गेला नाही, भजी कुठली खातोय," दुसरा म्हणाला.

"धुळ्याला न्यायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. "पण असे प्रवासात टिकतील असं वाटत नाही. कशामुळे झालं ते कळायला हवं."

उदेसिंग खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्या डोक्यात एक जुनं वाक्य हळूहळू वर येत होतं. उभ्या उभ्या कोसळतो. बाहेरून शांत दिसतो. त्याने पट्टीवरची जुनी वाचनं काढून पाहिली. बंद करून ठेवलेली घरघर पट्टीने लिहून मात्र ठेवली होती. एकामागून एक लाल खुणा, दुपारपासून आतापर्यंत.

त्याने यामिनीला कोपरापाशी धरून बाजूला ओढलं आणि पट्टी तिच्या हातात दिली. "हे बघ जरा," तो दबक्या आवाजात म्हणाला.

तिने पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. "घाम पुरेसा आहे, म्हणजे वाचन खोटं नाही. कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच. अ‍ॅड्रेनलिनही पडलंय. गाभ्याला ते बनवायला सालीचा माल लागतो, तोच नाही. बापू, बसा आधी! तुम्हाला काय होतंय? डॉक्टर, माझ्या वडिलांना—"

"मला काही होत नाही."

"पट्टी तुमच्या नावावर आहे. हे वाचन तुमचं आहे."

आता इथे उदेसिंग थांबला. फार नाही, एखादा श्वास. त्या श्वासात त्याने काय मोजलं ते सांगायला हवं, कारण असं मोजण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. पट्टी त्याच्या नावावर होती. वाचन कुणाचं हे सांगायचं तर पापुद्रा उलटा होता हे सांगावं लागणार होतं. पापुद्रा उलटा होता म्हटलं की तीन दिवसांतला प्रत्येक सौदा, प्रत्येक चहा, प्रत्येक टिचकी उघडी पडणार होती. बाहेर उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांचे हात त्याने धरले होते. दुसऱ्या बाजूला खाटेवर गुलाबभाईचा हात लोंबत होता, सलाईनची सुई टोचलेला. तो हात आता कुणालाही वाचता आला असता.

"माझं नाही," उदेसिंग म्हणाला. आवाज मोठा निघाला. "डॉक्टरबाई, ऐका. पापुद्रा उलटा लावला होता मी. हे वाचन गुलाबभाईचं आहे. दुपारपासून मी त्याचा हात धरून बसलो होतो."

बाहेरच्या गर्दीतले काहीजण आपापल्या तळहातांकडे बघू लागले. लांब कुठेतरी एक घोडी फुरफुरली.

यामिनी बापाकडे बघत राहिली. मग तिने ते बघणं पुढच्या कुठल्यातरी दिवसासाठी बाजूला ठेवलं आणि डॉक्टरांकडे वळली. "स्टेरॉइड घेत होते का ते?"

"पुडी," उदेसिंग म्हणाला. "जोडदुखीची. बरीच वर्षं. दसऱ्यापासून बंद. त्याने मला सांगितलं होतं. मळमळतं म्हणाला, अंधारी येते म्हणाला. आणि मी त्याला उठू दिलं नाही." शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टर वळवींनी एव्हाना कपाटातून कुपी काढली होती. "गेल्या वर्षी तोंड सुजलेलं होतं का यांचं? गोल?"

"भाकरीसारखं," बाहेरून तिघेचौघे एकदम म्हणाले.

"पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार. मूर्ख लोक! हायड्रोकॉर्टिसोन देते. अंदाज चुकला तरी एका इंजेक्शनने काही बिघडत नाही. बरोबर असला आणि थांबलो, तर माणूस जाईल."

औषध शिरेतून गेलं. लगेच काही झालं नाही. सलाईन थेंबथेंब चाललं होतं, डॉक्टर दाब मोजत होत्या, आणि प्रत्येक वेळी आकडा सांगत होत्या. पहिल्यांदाच त्या बाजारात एखादा आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने बोलला जात होता. आकडा चढत गेला. दिवे लागायच्या सुमाराला गुलाबभाईने डोळे उघडले. भोवती इतकी तोंडं बघून तो क्षीण आवाजात म्हणाला, "सौदा झाला का?"

मग एकजण हसला, आणि मग सगळे.

उदेसिंग हसला नाही. तो बाहेर आला तेव्हा माणसांनी त्याला वाट करून दिली. जरा जास्तच रुंद. सकाळी ज्याची घोडी त्याने भाव पाडून घेतली होती तो पाथर्डीचा माणूस समोर आला आणि त्याने आपला उजवा हात पाठीमागे नेला.

घरी हिरकोरला सगळं आधीच कळलं होतं. ती ओट्यापाशी उभी होती.

"मलाही वाचलं होतं का?" तिने विचारलं.

"हो."

"काय निघालं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "मी घरी बसणार म्हटल्यावर तू धास्तावलीस."

हिरकोरने पिठाची परात पुढे ओढली. "मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं," ती म्हणाली. "सकाळी उठल्यापासून तुम्ही मला बाजारातल्यासारखे प्रश्न विचारता. बरोबर-चूक, किती, कशाला. त्याची धास्ती. तुमची नाही." मग तिने कणीक मळायला घेतली. "पण आज मोठ्याने बोललात म्हणे. ते जमलं बरं तुम्हाला."

उदेसिंग ओट्यापाशी उभा राहिला. इतकी वर्षं हव्या असलेल्या वाक्याची किंमत इतकी पडेल असं त्याला वाटलं नव्हतं.

आता शेवटचा हिशेब.

गुलाबभाई धुळ्याच्या दवाखान्यात आठवडाभर राहिला. त्याला आता गोळी घ्यावी लागते, आणि ती डॉक्टर फार सावकाश कमी करतायत, म्हणजे झोपलेल्या ग्रंथीला पुन्हा हुकमाची सवय व्हावी. "बसून राहिलेला घोडा पुन्हा जुंपून घ्यायला शिकवतायत," असं तो म्हणतो. खाटेवरूनच त्याने पंच म्हणून निकाल दिला, की गिरासेने केलेले त्या तीन दिवसांचे सगळे सौदे ज्याला मोडायचे त्याने मोडावेत. जवळजवळ सगळ्यांनी मोडले. पाथर्डीवाल्याने नाही मोडला. त्याला म्हणे तो भाव मनाजोगता मिळाला होता, आणि तीन टिचक्या पडल्या त्या घाईच्या नव्हत्याच. त्या दिवशी त्याच्या मुलीच्या पोलीसभरतीचा निकाल होता.

यामिनीला वडिलांच्या नावावरची सगळी वाचनं फेकून द्यावी लागली. ज्यांना विचारलं नाही त्यांचा घाम होता तो. तिने पापुद्रा नव्याने बनवला. आता तो उलटा लावला तर चालतच नाही, आणि लांब घरघर कुणालाही बंद करता येत नाही. तिच्या बोटांतून त्या दिवशी टिचक्या का आल्या होत्या, हे उदेसिंगने शेवटी तिला विचारलं. ती म्हणाली, "आता सांगते," आणि सांगितलं. ते त्या दोघांचं आहे.

बाजाराने एक नवी रीत पाडली. रुमाल पसरण्याआधी दोघांनी सगळ्यांसमोर राखेने हात घासायचे, पाण्याने धुवायचे, वर करून दाखवायचे. पुढच्या जत्रेत घंगाळं आणि राखेच्या टोपल्या जागोजागी दिसत होत्या. उदेसिंगनेही हात घासले, धुतले, वर करून दाखवले. तरी सबंध सकाळ त्याच्यासमोर कुणी बसलं नाही. दुपारी तो घरी निघाला तेव्हा लाल सतरंजीवरून हाक आली.

"ए चष्मेवाल्या! इकडे ये. शेवंती अजून उभी आहे."

"दुसऱ्या कुणाला दे, गुलाबभाई."

"दुसऱ्या कुणाबरोबर माझा सौदा अर्धा राहिलेला नाही. बस."

उदेसिंग बसला. रुमाल पसरला गेला. गुलाबभाईचा हात आता गरम होता, जरा थरथरत होता. त्या थरथरीचा अर्थ राग होता, म्हातारपण होतं, की मजा, हे उदेसिंगला कळेना. स्वतःच्या तळहाताला मात्र घाम आला होता, आणि तो घाम गुलाबभाई आरामात वाचत असणार हेही त्याला कळत होतं. गुलाबभाईने एक आकडा दाबला.

उदेसिंगने मान हलवली.

"अरे, घासाघीस कर की!" म्हातारा ओरडला. "लोक बघतायत. काय म्हणतील?"

"भाव मान्य आहे."

"मी उगीच जास्त सांगितला."

"सांगितलास ना? मान्य आहे."

गुलाबभाई त्याच्याकडे बघत राहिला, मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याने रुमालाखालचा हात सोडला नाही. भाव किती होता हे तुम्हाआम्हाला कधी कळणार नाही. रीतच तशी आहे. एवढंच कळलं, की तो उदेसिंगने दिला.